दोन दिवसांचे गुरू

ही पुस्तिका मुळात एक वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. पहिल्या पानावर ‘सेमिनार, दिवस पहिला’ असं लिहिलंय आणि त्याखाली एक त्रिकोण काढलाय. त्या दिवशी दुपारच्या जेवणापर्यंत मी सतरा पानं भरली होती, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही संपत आली होती. आज त्यातली कामाची टिपणं निवडायला बसलो तर पंधरा-वीस पानांवर जात नाहीत. सगळ्यात मोलाचं पान तो त्रिकोण काढलेलं पहिलंच. ते मला कळायला मात्र तीन वर्षं लागली.

सेमिनार हा शब्द आता खेड्यातल्या मुलांच्याही तोंडी आहे. परदेशातले गुरू दोन-तीन दिवसांसाठी येतात. एखाद्या शहरात इनडोअर हॉल घेतलेला असतो. ठिकठिकाणची मुलं रात्रीच्या गाडीनं येतात, सतरंजीवर झोपतात, सकाळी सहाला मॅटवर उभी राहतात. शेवटी सगळ्यांचा एक फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळतं आणि गुरू पुढच्या गावी निघून जातात. एवढ्या थोड्या सहवासात माणूस कोणाचा शिष्य होऊ शकतो का, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं मनात घोळवला. होऊ शकतो, असं माझं मत आहे. पण त्याची किंमत सेमिनारच्या फीमध्ये भरता येत नाही, ती घरी परतल्यावर रोज संध्याकाळी भरावी लागते. ही प्रस्तावना त्या संध्याकाळच्या कामाविषयी आहे.

आधी विषयाची ओळख. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत या खेळाचं नाव ‘पिंच्याक सिलॅट’ असं छापतात. इंडोनेशियाच्या लोकांच्या तोंडून ते ‘पन्चाक सिलात’च्या जवळचं ऐकू येतं. दोन शब्दांमागे दोन प्रदेश आहेत. जावा बेटावर ‘पन्चाक’ म्हणायची चाल, पश्चिम सुमात्रात ‘सिलात’. हे एका माणसानं, एका जागी तयार केलेलं शास्त्र नाही. हजारो बेटांचा देश, प्रत्येक खोऱ्याची वेगळी रीत, वेगळी वेशभूषा, वेगळा पवित्रा. या सगळ्यांना एका छताखाली आणण्यासाठी 18 मे 1948 रोजी सुराकार्ता इथं त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तारीख नीट पाहा. इंडोनेशियानं 1945 मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, पण डच सैन्य अजून गेलेलं नव्हतं. जुलै 1947 मध्ये त्यांचा एक हल्ला होऊन गेला होता आणि डिसेंबर 1948 मध्ये दुसरा व्हायचा होता. त्या धामधुमीत या लोकांनी आपल्या वस्तादांना एकत्र बोलावलं. देश उभा राहत असताना मातीतली विद्याही उभी राहिली पाहिजे, असं त्यांना वाटलं असणार. पुढे 1980 मध्ये इंडोनेशिया, मलेशिया, सिंगापूर आणि ब्रुनेई यांनी मिळून आंतरराष्ट्रीय संघटना काढली. डिसेंबर 2019 मध्ये युनेस्कोनं पन्चाक सिलातच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली.

बऱ्याच तरुणांना या खेळाची ओळख सिनेमातून झाली. 2011 चा ‘द रेड’ हा इंडोनेशियन सिनेमा आणि त्यातला इको उवाइस आमच्या पोरांना पाठ आहे. त्या सिनेमानं मुलं आमच्या सिलातच्या वर्गापर्यंत आणली, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. मला मात्र त्याहून एक दुसरं दृश्य जास्त महत्त्वाचं वाटतं. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत हा खेळ पहिल्यांदा पदकांसाठी खेळला गेला. सोळा सुवर्णपदकांपैकी चौदा यजमानांनी जिंकली. हनिफान युदानी कुसुमा हा त्यांचा एक खेळाडू सुवर्णपदक जिंकल्यावर धावत प्रेक्षकांकडे गेला. तिथं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो बसले होते, आणि सिलात संघटनेचे अध्यक्ष प्राबोवो सुबियांतोही. दोघे पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहणार होते. या पोरानं झेंड्यासकट दोघांना एकाच मिठीत घेतलं. त्या विद्येत ‘होरमात’ म्हणजे आदर हा शब्द पहिल्या दिवशी शिकवतात, आणि तो कसा जगायचा हे त्या पोरानं सगळ्या देशासमोर दाखवलं.

महाराष्ट्रात हा खेळ गेल्या काही वर्षांत रुजला. भारतीय संघटनेचं अध्यक्षपद महाराष्ट्रातल्या किशोर येवले यांनी सांभाळलं. काश्मीरच्या मुलामुलींनी तर तो मनापासून आपलासा केला. 2020 मध्ये केंद्र सरकारनं गुणवंत खेळाडूंच्या नोकरभरतीची यादी त्रेचाळीस खेळांवरून त्रेसष्टवर नेली. नव्या वीस खेळांत आपला मल्लखांब होता आणि पन्चाक सिलातही. 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतही हे दोन्ही खेळ सोबत होते. नोकरीच्या आशेनं वर्गात येणाऱ्या मुलाला कोणी कमी लेखू नये. आमच्या भुसावळ-वरणगावच्या टापूत रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि दीपनगरचं वीज केंद्र यांच्या आधारानं घरं उभी राहिली. सरकारी नोकरी म्हणजे काय, हे इथल्या आईबापांना कोणी समजावून सांगायला नको. मूल कशासाठी का येईना, ते किती दिवस टिकतं हे बघावं.

मी फॅक्टरीतला माणूस. वरणगावची ऑर्डनन्स फॅक्टरी 1964 ची. 1 ऑक्टोबर 2021 पासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडच्या अखत्यारीत गेली, पण आमच्या बोलण्यात ती अजून ‘फॅक्टरी’च आहे आणि तिची वसाहत ‘इस्टेट’. बंदुकीच्या गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात मापाला फार मान असतो. केसाएवढा फरक पडला तरी माल बाजूला काढतात. ती सवय मला सिलातमध्ये उपयोगी पडली, म्हणून हे सांगितलं.

आमचे इंडोनेशियन गुरू पश्चिम जावाचे. आम्ही त्यांना ‘पाक’ म्हणायचो. ‘बापाक’ म्हणजे वडील, त्याचं हे छोटं रूप. तिकडे वडीलधाऱ्या कुणालाही असंच हाकारतात, आपण अण्णा किंवा दादा म्हणतो तसं. ‘गुरू’ हा शब्द तर त्यांच्या भाषेत जसाच्या तसा आहे. शिष्याला ते ‘मुरीद’ म्हणतात, तो अरबीतून आलेला. एका वाक्यात संस्कृत आणि अरबी शेजारी-शेजारी नांदतात. पाकना इंग्रजी बेताचंच येत होतं आणि आम्हालाही. पहिल्या तासाभरात भाषेचा प्रश्न उरला नाही, कारण ते बोललेच फार थोडं.

त्यांनी हॉलच्या फरशीवर खडूनं एक त्रिकोण काढला. प्रत्येक बाजू साधारण एका पावलाची. त्याच्या टोकांवर पाय ठेवत चालायचं. याला ‘लांग्काह तिगा’ म्हणतात, तीन पावलांची चाल. आम्ही साठ जण दीड तास त्या त्रिकोणावर चालत होतो. एव्हाना मी वहीत लाथा, झेल आणि कैच्या लिहून घ्यायच्या तयारीत होतो. मागे पुण्याची दोन मुलं कंटाळून कुजबुजत होती. पाक रांगेतून फिरत फिरत माझ्याजवळ आले. मला वाटलं माझी चाल उत्तम आहे. त्यांनी माझ्या खांद्याला एका हातानं ढकललं, अगदी दार लोटावं तसं, आणि मी दोन पावलं मागे गेलो. मग त्यांनी आपला अनवाणी पाय माझ्या मागच्या पावलावर ठेवला आणि माझी टाच दोन बोटं आत वळवली. कमरेवर दोन बोटं टेकवून खाली दाबलं. पुन्हा ढकललं. मी जागचा हललो नाही. ते हसले, ‘पलान-पलान’ म्हणाले आणि पुढच्याकडे गेले. पलान-पलान म्हणजे हळूहळू. दोन बोटं! वीस वर्षं मी कराटेच्या नावाखाली ती टाच बाहेर ठेवून उभा होतो आणि कोणालाही ते दिसलं नव्हतं.

सेमिनारला जावं ते या दोन बोटांसाठी. डावपेच आता मोबाइलवर बघायला मिळतात. कुणाच्याही लाथेची चित्रफीत थांबवून, मागे नेऊन पाहता येते. पण त्या पडद्यातून कोणी हात बाहेर काढून तुमची टाच वळवत नाही. जन्मभर ज्यानं एकच काम केलं त्या माणसाची नजर तुमच्या अंगावरून एकदा फिरते, आणि अंगात लपलेली चूक उघडी पडते. दोन दिवसांत गुरू विद्या देऊ शकत नाही. तो चूक दाखवू शकतो, आणि ती मोठी देणगी आहे.

या प्रकारे जगभर शिकवणाऱ्या इंडोनेशियन गुरूंत हेरमान सुवांदा यांचं नाव आदरानं घेतलं जातं. त्यांचे वडील उयुह सुवांदा यांनी 1951 मध्ये बांडुंग इथं ‘मांदे मुदा’ ही संस्था काढली. पश्चिम जावातल्या निरनिराळ्या घराण्यांच्या रीती या कुटुंबानं गोळा केल्या आणि एकत्र शिकवायला घेतल्या. हेरमान अमेरिकेत गेले, तिथून युरोपात, आणि सेमिनारमागून सेमिनार घेत फिरले. ज्यांनी सिलात हा शब्दही ऐकला नव्हता अशा कितीतरी लोकांनी त्यांच्याकडून तो पहिल्यांदा शिकला. 2000 साली जर्मनीत मोटार अपघातात ते आणि त्यांची पत्नी दोघेही गेले. त्यांची बहीण रिता सुवांदा यांनी ती धुरा खांद्यावर घेतली. हेरमान यांना मी कधी पाहिलं नाही. पण फिरता गुरू कसा असावा हा विचार करताना मला ते आठवतात. घरची विद्या परक्या देशात, परक्या भाषेत, दोन दिवसांच्या मुदतीत द्यायची, आणि निघून जायचं. मागे काय उगवलं हे बघायला थांबता येत नाही.

आपल्याला हे अगदीच नवं नाही. आपले वस्तादही असेच परदेशी गेले. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या चमूनं आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. अलीकडचं उदाहरण दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे. त्यांनी देशोदेशीच्या मुलांना मल्लखांब शिकवला, फेब्रुवारी 2019 मध्ये शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि 2024 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परदेशातली एखादी मुलगी थोड्या दिवसांच्या वर्गात मल्लखांबावर पहिल्यांदा सलामी धरते, तेव्हा तिच्या मनात दादरच्या सरांविषयी जे येत असेल, तेच माझ्या मनात पाकविषयी येतं. तीही घरी जाऊन एकटीच सराव करत असेल, आणि अडल्यावर सरांनी काय सांगितलं होतं ते आठवत असेल.

इथं दोन गोष्टी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. पश्चिम जावात ‘चिमांदे’ नावाचं एक जुनं घराणं आहे. त्याचा मूळपुरुष एम्बाह काहिर. त्याच्याविषयीच्या एका कथेत असं सांगतात की त्याच्या बायकोनं नदीवर वाघ आणि माकड यांची झुंज पाहिली, त्यांच्या हालचाली ध्यानात ठेवल्या आणि घरी येऊन नवऱ्याला करून दाखवल्या. विद्येची सुरुवात तिथं झाली. आता आपली कथा. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरचे बाळंभटदादा देवधर. निजामाकडच्या दोन नामांकित पैलवानांचं आव्हान त्यांनी घेतलं आणि देवीला साकडं घालायला सप्तशृंगीच्या गडावर गेले. तिथं मारुतीनं वानराच्या रूपात लाकडी खांबावर कसरत करून दाखवली, तोच मल्लखांब, असं सांगतात. आमच्या खानदेशातून चैत्रात हजारो माणसं पायी त्या गडावर जातात. उन्हातान्हात, गाणी म्हणत, पायाला फोड आले तरी. त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल की मल्लखांबाची कथा याच गडाशी बांधलेली आहे? जावातही माकड, इथंही वानर. मी याचा ऐतिहासिक संबंध लावत नाही. निसर्गातल्या जिवाला बघून माणूस शिकला, आणि शिकलेलं तो कृतज्ञपणे त्या जिवाच्या नावावर ठेवतो, एवढंच मला त्यातून दिसतं.

चिमांदेच्या सरावाचा एक भाग पाकनी आम्हाला दुसऱ्या दिवशी दाखवला, आणि तो या पुस्तिकेतल्या तिसऱ्या प्रकरणात तपशिलानं दिलाय. दोघं जण जमिनीवर समोरासमोर बसतात. पाय हलवायचे नाहीत. एकानं हात टाकायचा, दुसऱ्यानं तो आपल्या पुढच्या हातानं वळवायचा, मग पाळी बदलायची. या वळवण्याच्या प्रकारांना ‘केलिद’ म्हणतात, ते तेहतीस आहेत. हाडावर हाड बसतं. दहा मिनिटांत मनगटापासून कोपरापर्यंत हात लाल होतो, पंधरा मिनिटांत सुजतो. मग पाकनी एक बाटली काढली. आत घट्ट, काळपट तेल होतं, मुळ्यांचा वास येत होता. ते ‘बालुर’. ते तेल त्यांनी आपल्या हातानं एकेकाच्या हाताला चोळलं, मनगटाकडून कोपराकडे, अंगठ्यानं दाबत. साठ वर्षांचा माणूस, ओळीनं बसलेल्या परक्या पोरांच्या हातांना तेल लावतोय. मला आमच्या गावच्या तालमीतले वस्ताद आठवले. लाल मातीत तेल, ताक, हळद घालून ती मळून घेणारे, आणि थकलेल्या पोराच्या पाठीवर गुडघा देऊन अंग मोकळं करणारे. ज्या हातानं मारायला शिकवायचं त्याच हातानं मालीश करायची, ही रीत दोन्हीकडे एकच.

शब्दांच्या बाबतीतही तसंच. पुस्तिकेत मी इंडोनेशियन नावं ठेवली आहेत, पण प्रत्येकाच्या पुढे अर्थ दिलाय, कारण अर्थ कळला की नाव पाठ करावं लागत नाही. ‘कुदा’ म्हणजे घोडा, म्हणून ‘कुदा-कुदा’ म्हणजे घोड्यावर बसल्यासारखा पवित्रा. ‘सापू’ म्हणजे झाडू, म्हणून पाय झाडून पाडण्याला ‘सापुआन’. ‘गुन्टिंग’ म्हणजे कात्री, म्हणून दोन्ही पायांत समोरच्याला पकडून पाडणं ते ‘गुन्टिंगान’. कबड्डी खेळलेल्या मुलाला हे सांगावं लागत नाही, त्याच्याकडे ‘कैची’ आधीपासून आहे. आपल्या कुस्तीतही धोबीपछाड आहे, मोळी आहे. घरातल्या, घाटावरच्या, शेतातल्या कामावरून डावांना नावं देणारी माणसं कष्टकरी होती, इथंही आणि तिथंही. ‘त्रिसुला’ नावाचं त्यांचं हत्यार म्हणजे आपला त्रिशूळच, फक्त लहान, हातात मावणारा.

सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचं एक सिलात आहे, ‘हारिमाऊ’ म्हणजे वाघाचं. ते जमिनीलगत, जवळजवळ चार पायांवर खेळतात. तिथली ओली, निसरडी जमीन हे त्यामागचं कारण सांगितलं जातं. उभं राहून पाय घसरण्यापेक्षा आधीच खाली जावं. हे वाचलं आणि मी जुलैमध्ये मुलांना शेतात नेलं. आमची काळी जमीन निसरडी तर आहेच, शिवाय ती पायाला चिकटते. चार पावलांत प्रत्येक तळव्याला शेरभर चिखल. लाथ उचलताच तोल जातो. तासाभरात मुलं आपोआप खाली बसून, तळवा न उचलता सरकायला लागली. सुमात्राच्या गुरूंनी शतकांपूर्वी ओळखलेली गोष्ट तापीकाठच्या रेगडीनं त्यांना एका तासात शिकवली. त्या दिवशी मी काहीही शिकवलं नाही.

आता एक कबुली. पहिल्या सेमिनारहून परतलो तो आठवडा मी फार उत्साहात होतो. वहीतली दोनशे पानं मुलांना कधी दाखवीन असं झालं होतं. तिसऱ्याच दिवशी मी सापुआन शिकवायला घेतलं. मैदान मुरमाचं, मॅट नाही. एका चौदा वर्षांच्या मुलाचा पाय समोरच्यानं बरोबर झाडला, अगदी मी दाखवला तसा, आणि मुलगा कोपरावर पडला. हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता. त्याचे वडील माझ्याच शिफ्टला. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं. चूक सर्वस्वी माझी होती. पाडायचं कसं ते मी शिकून आलो होतो. पडायचं कसं ते सेमिनारमध्ये शिकवलं गेलं तेव्हा मी वहीत लिहीत बसलो होतो.

पुढच्या वर्षी पाक पुन्हा आले तेव्हा दुभाष्या मित्राला सोबत घेऊन मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी मुलाचं वय विचारलं, हात कसा आहे ते विचारलं. मग त्या सकाळचा ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवला आणि तीन तास फक्त पडायला शिकवलं. मागे पडणं, बाजूला पडणं, उतारावर पडणं, हातात काठी असताना पडणं. स्वतः पन्नासेक वेळा पडले. मला वेगळं काही म्हणाले नाहीत. त्या तीन तासांत मी पेन हातात घेतलं नाही, आणि तरीही पुस्तिकेतलं सगळ्यात लांब प्रकरण तेच आहे.

तेव्हापासून मी एक नेम केलाय, आणि सेमिनारला जाणाऱ्या प्रत्येकाला तो सुचवतो. परत येताना रात्रीच्या गाडीत वही उघडायची आणि एकच गोष्ट निवडायची. एकच. भुसावळला उतरेपर्यंत ती ठरलेली असली पाहिजे. पुढचा सेमिनार होईपर्यंत रोज तीच करायची. या नेमाच्या पहिल्या वर्षी मी त्रिकोण निवडला. अंगणात फक्कीनं तो आखायचो, कबड्डीचं मैदान आखतात तसा. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा पहाटे पाचला. पावसात व्हरांड्यात. शेजारच्या आजी रोज विचारायच्या, “काय रे भाऊ, हे काय आखतोस?” मी सांगायचो, “आजी, चालायला शिकतोय.”

संगीताविषयी थोडं, कारण पुस्तिकेत त्याला जागा देता आली नाही. पश्चिम जावात सिलात ढोलकीवर खेळतात. दोन केंदांग म्हणजे आपल्या पखवाजाच्या जातीची वाद्यं, एक तोंडानं वाजवायचं सनईसारखं तारोम्पेत आणि एक घंटा. खेळाडू आधी ‘केम्बांग’ करतो. केम्बांग म्हणजे फूल. हात नाचल्यासारखे फिरतात, बघणाऱ्याला वाटतं नृत्य चाललंय. वादक खेळाडूच्या हालचालीवर डोळा ठेवून वाजवतो. शेवटी ‘पाडुंगडुंग’ नावाची जलद लय धरतात, आणि त्या फुलातून एकदम प्रहार बाहेर येतो. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात हलगी चढत जाते आणि पैलवानांच्या मांड्यांवर थाप पडते, ते ज्यानं ऐकलंय त्याला मी वेगळं काय सांगू. आमच्या वर्गात आता शनिवारी एक मुलगा डफ घेऊन बसतो. फरक त्या दिवशीच्या पावलांत दिसतो.

स्पर्धेसाठी येणाऱ्यांकरता शेवटच्या प्रकरणात नियम दिले आहेत. एकट्यानं करायच्या ‘तुंगाल’ प्रकारात तीन मिनिटांत शंभर हालचाली ठरलेल्या क्रमानं करायच्या असतात. आधी रिकाम्या हातानं, मग गोलोक म्हणजे कोयत्यासारखं पातं घेऊन, मग तोया म्हणजे काठी घेऊन. ते प्रकरण कोरडं आहे. तसंच असायला हवं.

हे सगळं लिहून कशाला ठेवायचं, असं काही जण मला विचारतात. विद्या अंगात असते, कागदावर नसते, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. तरीही बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी 1936 पासून ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड मराठीत काढले, म्हणून आखाड्यांतलं केवढं तरी ज्ञान आज आपल्या हाती आहे. मराठी भाषेचं ते भाग्य आहे. त्या कामाशी या शंभर पानांची तुलना होऊ शकत नाही. पण इंडोनेशियन विद्येविषयी मराठीत वाचायला काहीतरी असावं, मुलांनी अर्धवट इंग्रजी मजकूर चाळून चुकीचं शिकू नये, एवढ्याच इच्छेनं ती छापली. माझ्या टिपणांत पाकनी सांगितलेलं आणि मला नंतर सरावात उमगलेलं, हे दोन्ही वेगळं राहील अशी काळजी घेतली आहे. जिथं ‘पाक’ असं लिहिलंय ते त्यांचं. बाकी चुकलं असेल तर माझं. दोन-चार सेमिनार केल्यानं मी गुरू झालेलो नाही आणि प्रमाणपत्रावरही तसं लिहिलेलं नाही. मी त्यांचा मुरीद आहे, दूर राहणारा.

वाचणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना एक कळकळीची विनंती. सापुआन आणि गुन्टिंगान ही प्रकरणं पुस्तकात बघून घरी करून पाहू नका. शिकवणारा माणूस आणि खाली मॅट, दोन्ही असल्याशिवाय त्यांना हात लावू नका. पहिली तीन प्रकरणं मात्र आजपासून करता येतील. त्यांना एक सवंगडी, सपाट जागा आणि मूठभर फक्की पुरते.